स्टेंट बसलाय, आता पोटातले बॅक्टेरिया सुधारले तर गोळ्या बंद करता येतील का?

पत्र असं आहे:

"माझा मोठा भाऊ ४९ वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी त्याला हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवलाय. सिगरेट नाही, दारू नाही, वजनही फार नाही, त्यामुळे घरातले सगळेच हादरलो. तेव्हापासून तो सारखा मोबाइलवर वाचत असतो आणि आता त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की ब्लॉकेजचं खरं कारण पोटातले खराब बॅक्टेरिया आहेत, कोलेस्टेरॉल वगैरे सगळं नंतरचं. म्हणतो आधी अँटिबायोटिकचा एक कोर्स करून पोट साफ करायचं, मग चांगले प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत बॅक्टेरिया असलेल्या कॅप्सूल) घ्यायचे आणि गोळ्या हळूहळू सोडायच्या. कोलेस्टेरॉलची गोळी तर दहा दिवस झाले घेतलीच नाहीये, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. अंडी बंद केलीत. शीची तपासणी करायचं किट मागवणार आहे. वहिनी घाबरलीये आणि मी काही बोलले की म्हणतो तू काही वाचलेलं नाहीस. यात खरं किती आहे? आणि मी ४४ वर्षांची आहे, मला पण हे होईल का?"

ताई, बाकी सगळं नंतर, आधी गोळ्या. स्टेंट बसवल्यावर दादाला कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे स्टॅटिन तर दिलीच असणार, पण त्याशिवाय रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या असणार, एक ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोरसारखी दुसरी. ह्या दोन त्याने सोडल्यात का ते आजच्या आज वहिनीला विचारा, नुसतं विचारू नका, गोळ्यांची पाकिटं बघायला सांगा. स्टेंट ही धातूची जाळी असते, तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर नीट चढायला वेळ लागतो आणि तोवर जाळीवर गुठळी बसायचा धोका असतो, अटॅक येऊन गेलेल्या माणसाला साधारण वर्षभर ह्या दोन्ही गोळ्या चालू ठेवतात ते त्यासाठीच. चौथ्या महिन्यात आपल्या मनाने त्या सोडल्या तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो आणि ते झालं तर तो सरळ दुसरा अटॅक असतो, त्यात वाट बघायला वेळ मिळत नाही.

स्टॅटिन दहा दिवस सुटलीये हे डॉक्टरांना फोन करून सांगायचं, लाजायचं नाही, पेशंट गोळ्या सोडतात हे त्यांना रोजचं आहे आणि ते ओरडले तरी सांगायचं. सुटलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. आणि दादाला एकदा शांतपणे विचारा की ही गोळी सोडावीशी का वाटली, अंग दुखत होतं का, झोप लागत नव्हती का, कारण बरेचदा त्रास काहीतरी वेगळा असतो आणि माणूस त्याला "मी वाचलंय" असं नाव देतो. स्टॅटिनने स्नायू दुखत असतील तर डोस बदलता येतो, दुसरी स्टॅटिन देता येते, स्टॅटिन सोडूनही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं आहेत. मार्ग आहेत, पण ते डॉक्टरांना कळल्याशिवाय निघणार कसे.

आता दादा जे वाचतोय त्याबद्दल. ताई, ते सगळं खोटं नाहीये, आणि वादात तुमचं काही चालत नाही ते बहुतेक ह्याचमुळे. तुम्ही म्हणत असणार "काहीतरीच काय, पोटाचा आणि हृदयाचा काय संबंध", आणि तो म्हणत असणार संबंध आहे, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे. चूक पुढे होते, संबंध आहे म्हणून तेच मुख्य कारण आणि म्हणून बाकी सगळं सोडा, ह्या उडीत.

आपल्या अंगात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात असा अंदाज आहे, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात, सगळ्यांचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास. आपल्याला जे पचत नाही किंवा पचायचं राहून जातं ते त्यांचं खाणं, आणि ते खाऊन ते जे पदार्थ बाहेर टाकतात त्यातले बरेच आपल्या रक्तात जातात. म्हणजे आपण काय खाल्लं ह्याच्याइतकंच त्या खाण्याचं बॅक्टेरियांनी काय केलं हेही महत्त्वाचं आहे. हृदयाशी संबंध लागतो तो इथे.

ह्यातला सगळ्यात गाजलेला पदार्थ म्हणजे टीएमएओ. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. स्टॅन्ली हेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात ह्यावर पेपर छापला आणि तिथून हा विषय पेटला. गोष्ट अशी आहे की अंड्याचा बलक, लिव्हर, मांस ह्यात कोलीन नावाचं पोषकद्रव्य असतं, लाल मांसात कार्निटिन असतं. ह्याचा जो भाग आतड्यातल्या काही ठराविक बॅक्टेरियांच्या हाती लागतो त्यापासून ते ट्रायमिथाइलअमाइन नावाचा वायू तयार करतात (शिळ्या माशाला जो वास येतो ना, तो ह्याचाच), तो रक्तातून लिव्हरमध्ये जातो आणि लिव्हर त्याचं टीएमएओ करतं. उंदरांना हे जास्त दिलं तर त्यांच्या रक्तवाहिन्यांमध्ये चरबीचे थर जास्त साचले, आणि अँटिबायोटिक देऊन आतड्यातले बॅक्टेरिया मारले तर तेच खाणं खाऊनही तितके साचले नाहीत.

मग माणसांवर एक फार सुंदर प्रयोग झाला, तो दादाला जरूर सांगा कारण त्याच्या प्लॅनचं उत्तर त्यातच आहे. निरोगी लोकांना दोन उकडलेली अंडी दिली, सोबत एका कॅप्सूलमध्ये लेसिथिन (ह्यातही कोलीन असतं), ज्याचे अणू नंतर रक्तात ओळखता यावेत म्हणून खूण केलेले होते. काही तासांत रक्तात ती खूण असलेलं टीएमएओ दिसायला लागलं. मग त्यातल्या काही जणांना आठवडाभर दोन अँटिबायोटिक दिली, परत तीच अंडी, तीच कॅप्सूल, आणि ह्या वेळी टीएमएओ जवळजवळ शून्य. म्हणजे ते बनवणारे बॅक्टेरियाच होते हे सिद्ध झालं. पण प्रयोग इथे थांबला नव्हता. अँटिबायोटिक बंद करून महिनाभर किंवा थोडे जास्त दिवस जाऊ दिले आणि तिसऱ्यांदा तीच अंडी दिली, तर टीएमएओ परत हजर. बॅक्टेरिया परत आले होते, आपलं काम करत होते. दादाचा जो "एक कोर्स करून साफ करायचं" हा विचार आहे ना, तो करून झालेला आहे, आणि काय झालं तेही छापलेलं आहे.

हा प्रयोग २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, आणि त्याच पेपरमध्ये अँजिओग्राफीसाठी आलेल्या ४००७ पेशंटना ३ वर्षं फॉलो केलं होतं. ज्यांचं टीएमएओ सगळ्यात वरच्या पाव हिश्शात होतं त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका सगळ्यात खालच्या पाव हिश्शाच्या तुलनेत अडीच पट होता. २०१६ मध्ये त्याच गटाने दाखवलं की टीएमएओमुळे रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात, गुठळी लवकर होते. नंतर त्यांनी निरोगी लोकांना दोन महिने कोलीनच्या सप्लिमेंट गोळ्या दिल्या तेव्हा रक्तातलं टीएमएओ दहापटीहून जास्त वाढलं आणि त्याच्यासोबत प्लेटलेट्सचं चिकटणंही वाढलं. हे वाचून माणूस घाबरणारच, त्यात स्वतःच्या छातीत स्टेंट असेल तर विचारूच नका.

अजून एक गंमतशीर गोष्ट त्याच काळात दिसली. पाच वर्षांहून जास्त काळ पूर्ण वनस्पतीजन्य खाणाऱ्या एका माणसाला संशोधकांनी स्टेक खायला तयार केलं, सोबत कार्निटिनची कॅप्सूल. रोज मांस खाणाऱ्यांमध्ये ह्याने टीएमएओ भराभर वाढतं, ह्या माणसात जवळजवळ वाढलंच नाही. कारण सरळ आहे, त्याच्या आतड्यात ते काम करणारी फौजच नव्हती, कधी खायलाच मिळालं नाही तर ती पोसली कशी जाणार. मला ह्या सगळ्या विषयातली ही सगळ्यात आशेची गोष्ट वाटते. बॅक्टेरिया बदलायचे असतील तर ते मारून किंवा विकत आणून फार बदलत नाहीत, रोजच्या ताटाने बदलतात आणि हळूहळू बदलतात.

पण. आता दुसरी बाजू, जी दादाने वाचलेल्या पोस्टमध्ये बहुतेक नसणार. टीएमएओ किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणजे किडनी थोडी जरी मंदावली तरी ते रक्तात वाढतं, आणि किडनी मंदावलेल्या लोकांना हृदयविकाराचा धोका तसाही जास्त असतो. मग टीएमएओने हृदय बिघडवलं की किडनी बिघडल्याचं ते नुसतं चिन्ह आहे? २०१९ मध्ये जनुकांच्या आधारे कारण कोण आणि परिणाम कोण हे तपासायचा प्रयत्न झाला, तेव्हा टीएमएओमुळे हृदयविकार होतो असं काही दिसलं नाही, उलट डायबेटिस आणि किडनीच्या आजारामुळे टीएमएओ वाढत असावं असं दिसलं. दुसरं म्हणजे मासे. समुद्री माशांमध्ये टीएमएओ तयारच असतं, मासा खाल्ल्यावर ते रक्तात जोरात चढतं, तरी मासे खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो असं काही दिसत नाही, बहुतेक अभ्यासांत उलटच दिसतं. म्हणजे हा धागा खरा आहे पण त्याने सगळं कापड विणलेलं नाही.

आणि टीएमएओ हा एकच धागा नाही. आतड्याच्या आतलं अस्तर ढिलं पडलं तर बॅक्टेरियांच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात आणि अंगात बारीकशी सूज कायम धुमसत राहते, रक्तवाहिनीत थर साचायला ही सूज मदत करते. चीनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१७ मधला, हृदयविकार असलेल्यांच्या आतड्यात ब्युटिरेट बनवणारे बॅक्टेरिया कमी दिसले. ब्युटिरेट हे चांगल्या पदार्थांपैकी एक, तंतुमय खाणं म्हणजे फायबर पोहोचलं की बॅक्टेरिया ते आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट असली छोटी फॅटी ॲसिड्स बनवतात, ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर जगतं, आणि ह्या छोट्या ॲसिड्सचा ब्लड प्रेशरशी पण संबंध आहे असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. मीठ जास्त दिलेल्या उंदरांच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलसची एक जात कमी झाली आणि प्रेशर वाढलं, हेही २०१७ चंच. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, स्पेनमधल्या संशोधकांनी इमिडाझोल प्रोपिओनेट नावाचा बॅक्टेरियांनी बनवलेला अजून एक पदार्थ रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जोडला. विषय जिवंत आहे, दर वर्षी काहीतरी नवीन येतंय, आणि मला खरंच वाटतं की पुढे ह्यातून औषधं निघतील. उंदरांमध्ये असा एक पदार्थ वापरूनही झालाय जो बॅक्टेरियांना न मारता फक्त त्यांचं ते ट्रायमिथाइलअमाइन बनवायचं काम थांबवतो. पण आज दवाखान्यात दादाला देता येईल असं त्यातलं काही नाही.

आता कोलेस्टेरॉल "नंतरचं" आहे ह्याबद्दल. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ब्लॉकेजला कारणीभूत आहे हा अंदाज राहिलेला नाही, जन्मतः ज्यांच्या जनुकांमुळे एलडीएल जास्त असतं त्यांना लहान वयात अटॅक येतात, जन्मतः ज्यांचं कमी असतं त्यांना फार कमी येतात, आणि औषधाने खाली आणलं की अटॅक कमी होतात. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने कमी केलं की हार्ट अटॅकसारख्या हृदयाच्या मोठ्या घटना आणि स्ट्रोक मिळून पाचातला एक भाग कमी होतो, हे लाखाहून जास्त लोकांच्या ट्रायल्समधून आलेलं आहे. बॅक्टेरियांच्या बाबतीत असा पुरावा अजून कशालाच नाही. दादाला बॅक्टेरियाच हवे असतील तर त्याला हे सांगा की २०२० मध्ये नेचरमध्ये युरोपातला एक अभ्यास आला, त्यात लठ्ठ लोकांच्या आतड्यात बॅक्टेरियांचा एक बिघडलेला, सूज वाढवणारा प्रकार जास्त दिसत होता, आणि त्यांच्यातले जे स्टॅटिन घेत होते त्यांच्यात तो प्रकार बराच कमी होता. ह्याने स्टॅटिनमुळेच तसं झालं असं सिद्ध होत नाही, पण ज्या गोळीला तो पोटाची शत्रू समजून सोडतोय ती निदान तशी दिसत तरी नाहीये.

अँटिबायोटिकचं तर मी हात जोडून सांगते, नको. हा विचार दादाच्या आधी मोठमोठ्या डॉक्टरांनी करून बघितलाय. त्यांचा रोख आतड्यावर नव्हता, क्लॅमिडिया न्यूमोनिए नावाचा एक बॅक्टेरिया रक्तवाहिन्यांच्या थरात सापडत होता म्हणून तो मारून अटॅक टळतात का ते बघायचं होतं. २००५ मध्ये दोन ट्रायल्सचे निकाल आले, दोन्हीत चार चार हजारांहून जास्त पेशंट, एकात वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन, दुसरीत गॅटिफ्लॉक्सासिन, आणि फायदा काहीही झाला नाही. पुन्हा त्यात दादाच्या गोळ्यांचा प्रश्न आहे, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक काही स्टॅटिनसोबत घेतली तर स्टॅटिन रक्तात साचतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते, कधी किडनीपर्यंत प्रकरण जातं. आणि कारण नसताना अँटिबायोटिक घेतलं की आतड्यात चांगले बॅक्टेरिया पण मरतात, मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा बॅक्टेरिया माजतो आणि त्याचे जोरात जुलाब लागले तर हॉस्पिटल गाठावं लागतं. तण काढायचं म्हणून सगळं शेत पेटवून द्यायचं आणि मग पहिलं काय उगवेल ते नशिबावर सोडायचं, असा हा प्रकार आहे.

प्रोबायोटिक कॅप्सूल घेऊन हार्ट अटॅक टळले असं दाखवणारी एकही ट्रायल नाही. आणि अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक, हे जे सगळे करतात, त्यावर इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये बघितलं तर प्रोबायोटिक घेतलेल्या लोकांचे स्वतःचे बॅक्टेरिया परत यायला उलट जास्त वेळ लागला, काही न घेतलेल्यांचे लवकर आले. घेतल्या असतील एक दोन बाटल्या तर घाबरायचं कारण नाही, पण त्यावर भरवसा ठेवून बाकी सोडणं हे नको.

किटवर पण पैसे घालवू नका. शीत अमुक जात इतके टक्के असली की हृदय चांगलं, असा सगळ्यांनी मान्य केलेला आकडाच अस्तित्वात नाही. रिपोर्ट रंगीत येतो, लाल हिरवे पट्टे असतात, खाली सहसा त्याच कंपनीची पावडर सुचवलेली असते. टीएमएओची रक्ताची तपासणी काही ठिकाणी होते, पण आकडा काहीही आला तरी दादाच्या उपचारात बदल काय होणार? काही नाही. त्यापेक्षा त्याच्या फाइलमध्ये क्रिएटिनिन असेल ते बघा, किडनी कशी आहे ते त्याने कळतं, आणि स्टॅटिन परत सुरू करून चार ते बारा आठवड्यांनी एलडीएल किती आलं ते बघा, अटॅक येऊन गेलेल्या माणसात ते ७० च्या खाली, बरेच डॉक्टर तर ५५ च्या खाली आणायला बघतात. लक्ष ठेवायचा आकडा हा.

एक औषधाची गोष्ट सांगून पुढे जाते, कारण बॅक्टेरियांचा आणि हृदयाच्या औषधांचा खेळ किती गुंतलेला आहे ते त्यातून कळतं. डिगॉक्सिन नावाचं हृदयाचं जुनं औषध आहे, काही पेशंटमध्ये ते पुरेसं कामच करायचं नाही. कारण निघालं एगर्थेला लेंटा नावाचा आतड्यातला बॅक्टेरिया, तो औषध रक्तात जायच्या आधीच त्यातलं बरंचसं निकामी करून टाकतो, दहातल्या साधारण एका पेशंटमध्ये हे होतं. अशा माणसाला कुणी मध्येच अँटिबायोटिक दिलं की तो बॅक्टेरिया मरतो आणि नेहमीच्याच डोसमध्ये औषध अचानक अंगात जास्त व्हायला लागतं. म्हणून दादा जे काही घेतोय, पावडर, कॅप्सूल, काढा, ते सगळं डॉक्टरांना दाखवायचं. जिममधली कार्निटिनची पावडर आणि कोलीनच्या गोळ्या तर मी त्याला घेऊच देणार नाही, कारण दुसऱ्या कशाने नाही वाढलं तरी त्याने टीएमएओ नक्की वाढतं.

मग करायचं काय, तर जे खायचं त्यावर ताकद लावायची. दादाला काहीतरी स्वतःच्या हाताने करायचंय, हे मला त्याच्या सगळ्या धडपडीत दिसतं, अटॅकनंतर माणसाला आपलं शरीर आपल्या हातात राहिलं नाही असं वाटतं आणि तो कुठलं तरी टोक धरतो. त्याला हे टोक द्या. मोठ्या माणसाला रोज २५ ते ३० ग्रॅम फायबर लागतं आणि बहुतेक लोकांच्या पोटात त्याच्या बरंच कमी जातं. २०१९ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्यावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा आला होता, जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये कमी खाणाऱ्यांपेक्षा हृदयविकार, स्ट्रोक, टाइप टू डायबेटिस हे सगळं १५ ते ३० टक्के कमी होतं, आणि सगळ्यात जास्त फायदा २५ ते २९ ग्रॅमच्या आसपास दिसत होता. एक कप शिजवलेल्या मसुरीत साधारण १५ ग्रॅम फायबर असतं, सालासकट एका सफरचंदात ४, मूठभर बदामात साडेतीन, म्हणजे हिशोब काही अवघड नाही. कडधान्य, अख्खी धान्यं, भाज्या, फळं, आणि एकच एक रोज न खाता बदलून बदलून, कारण वेगवेगळे बॅक्टेरिया वेगवेगळं खातात.

फक्त एकदम वाढवू नका. आज १० ग्रॅम खाणारा उद्या ३० खायला लागला की पोट फुगणार, गॅस होणार आणि दोन दिवसांत तो म्हणणार हे पण मला सोसत नाही. दर आठवड्याला थोडं वाढवा, पाणी वाढवा. हार्ट फेल्युअर असून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल किंवा किडनीसाठी पथ्य असेल तर मात्र त्यांना विचारूनच. इसबगोल घ्यायचं असेल तर त्याने एलडीएल पण थोडं उतरतं, पण गोळ्यांसोबत एकाच वेळी नको, मध्ये दोन तीन तास जाऊ द्या. आंबवलेले पदार्थ, दही, केफिर (दुधाचं आंबवलेलं पेय) वगैरे, चालतील, स्टॅनफर्डच्या २०२१ च्या छोट्या अभ्यासात दहा आठवडे ते खाणाऱ्यांच्या आतड्यात बॅक्टेरियांची विविधता वाढली आणि सुजेच्या खुणा कमी झाल्या, फक्त खारवलेले पदार्थ असतील तर मिठाचा विचार करा.

लाल मांस तो रोज खात असेल तर कमी करा, इथे टीएमएओवाल्यांचं आणि कोलेस्टेरॉलवाल्यांचं एकमत आहे. ११३ लोकांना महिना महिनाभर आलटून पालटून लाल मांस, पांढरं मांस आणि मांसाशिवाय प्रोटीन दिलं तेव्हा लाल मांसाच्या महिन्यात टीएमएओ सरासरी सुमारे तिप्पट झालं, आणि बंद केल्यावर चार आठवड्यांत परत उतरलं. चार आठवडे, ताई, हे दादाला नक्की सांगा. अंड्यांचं मात्र त्याने फारच मनावर घेतलंय. २०२१ च्या एका ट्रायलमध्ये, आणि ती क्लीव्हलँड क्लिनिकमधूनच आलेली, किडनी नॉर्मल असलेल्या लोकांना कोलीनच्या गोळ्या दिल्या तर टीएमएओ वाढलं, अंडी दिली तर उपाशीपोटीचं टीएमएओ काही खास वाढलं नाही. त्यामुळे टीएमएओच्या भीतीने अंडं सोडायची गरज नाही, एलडीएल किती आहे ते बघून आठवड्याला किती खायची ते डॉक्टर सांगतील.

आता तुमचं. सख्ख्या भावाला ५५ च्या आत अटॅक आला की बहिणीचा धोका थोडा वरचा धरतात, म्हणजे तुम्हाला होणारच असं नाही, पण चाळिशीत आहात तर लिपिड प्रोफाइल, शुगर, ब्लड प्रेशर आणि क्रिएटिनिन हे आता करून घ्याच. आणि त्यासोबत लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ह्याची तपासणी, रिपोर्टमध्ये एलपी-ए म्हणून लिहितात, आयुष्यात एकदा केली तरी पुरते. हे बहुतेक सगळं जनुकांवर ठरतं, पाचातल्या एका माणसात ते जास्त असतं, नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीत ते वेगळं दिसत नाही, आणि "सिगरेट नाही, वजन नाही, मग अटॅक आला कसा" ह्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी तिथे असतं. दादाचं झालंय का विचारा. झालं नसेल तर ह्याच वेळी त्याचं पण करून घ्या, त्याचं जास्त आलं तर तुमच्या दोघांच्या मुलांचं पण बघावं लागेल.

आणि डॉक्टरांकडे जाताना तुम्ही स्वतः सोबत जा. वाद घालायला नाही, दादाने जे वाचलंय ते त्याला त्यांच्यासमोर बोलू द्या, पूर्ण बोलू द्या. कार्डिॲक रिहॅब म्हणजे अटॅकनंतरचा व्यायामाचा देखरेखीखालचा कार्यक्रम मिळतो का ते विचारा, आणि झोप, चिडचिड, सारखी भीती ह्याबद्दल तो बोलला नाही तर तुम्ही बोला, अटॅकनंतर डिप्रेशन येणं फार कॉमन आहे आणि त्यावर उपचार आहेत. घरी आल्यावर दोघांचे एलडीएल आणि एलपी-ए मला लिहून पाठवा, दादाच्या गोळ्यांची नावं आणि डोस पण, आणि तो परत कुठली पोस्ट दाखवून भांडला तर ती पोस्ट पण पाठवा, मी वाचून लिहीन.